मेलेली जेलीफिश डंख मारते कशी?

अंधेरीकर
रविवारी जुहूला गेलो होतो. वाळूवर अंगठ्याएवढे निळे फुगे पडलेले, लेकीने (वय ६) त्यातला एक उचलला, खाली निळा दोरा लोंबत होता तो मनगटाला लागला आणि जी किंचाळली! मण्यांच्या माळेसारखा लाल वळ उठला, दोन तास रडत होती. आता बरी आहे पण कालपासून एकच धोशा, आई ती तर मेलेली होती ना मग चावली कशी? काय सांगू तिला? आणि दुसऱ्यांदा लागलं तर जास्त त्रास होतो असं शेजारच्या काकू म्हणतात, खरंय का?

पेडणेकर
आमच्याकडे झार म्हणतात. रापण ओढताना लहानपणी बऱ्याचदा हात भाजलेत. जाळं उन्हात वाळवून ठेवलं आणि परत भिजलं की पुन्हा आग व्हायची, तेव्हा मेली म्हणून हात लावू नका. वाळूने चोळायचं तर अजिबात नाही, आमचे मोठे लोक चोळायचे आणि त्याने आग वाढायचीच.

सागरवेडी
ताई, आधी एक गोष्ट, निळा फुगा म्हणजे ब्लूबॉटल आणि ती खरी जेलीफिश नाहीच, भावकीतली आहे. तो एक प्राणीही नाही, वसाहत आहे, कोणी फुगा झालंय, कोणी पोट, कोणी डंख मारणारा दोरा. पोहता येत नाही, फुग्याचं शीड करून वारा नेईल तिकडे जाते, म्हणून पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याला लागते.

आता लेकीचा प्रश्न. त्या दोऱ्यावर हजारो सूक्ष्म पेशी असतात, प्रत्येकीत स्प्रिंगसारखी गुंडाळलेली विषारी नळी प्रचंड दाबाखाली भरलेली. स्पर्श झाला की ती पेशी स्वतःच उडते, कुणाच्या हुकुमाची वाट बघत नाही. त्यामुळे बाकीचा जीव मेला तरी पेशी भरलेल्याच राहतात. हायड्रा हाही याच भावकीतला, त्याची नळी सुटायला सेकंदाचा दहालाखावा भागही लागत नाही असं मोजलंय!

लागलं तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिमट्याने दोरे काढा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात (४५ अंशापर्यंत) २० मिनिटं. गोड्या पाण्याने आधी धुतलं तर उरलेल्या पेशी उडतात.

काकूंचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. १९०१ मधे शार्ल रिशे आणि पोर्तिए हे फ्रेंच शास्त्रज्ञ मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर याच ब्लूबॉटलच्या विषावर काम करत होते. नंतर याच भावकीतल्या समुद्रफुलाच्या (सी ॲनिमोन) विषाचे कुत्र्यांवर प्रयोग करताना दिसलं की पहिल्या डोसातून बरा झालेला कुत्रा काही आठवड्यांनी अगदी थोड्या डोसाने मेला. तीव्र ॲलर्जीला ॲनाफिलॅक्सिस हे नाव त्यातून आलं, रिशेंना १९१३ चं नोबेल मिळालं. सगळ्यांना असं होत नाही, पण श्वास लागला, ओठ सुजले तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट हॉस्पिटल.

अंधेरीकर
खूप खूप आभार, तुमचं उत्तर तिला वाचून दाखवलं. आता नवा प्रश्न, मेंदू नाही तर जेलीफिश झोपते का?

सागरवेडी
झोपते! कॅसिओपिया नावाची उलटी पडून राहणारी जेलीफिश आहे, २०१७ मधे कॅलिफोर्नियात तिच्यावर अभ्यास झाला. दिवसा मिनिटाला साधारण ५८ वेळा आकसते, रात्री ३९ च्या आसपास. रात्रभर पाण्याचे झोत मारून जागं ठेवलं तर दुसऱ्या दिवशी मंदावते. लेकीला माझ्याकडून शाबासकी सांगा, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही तेव्हाच सुचला होता.