पाळीच्या आधीची खा-खा आणि उतरवायचं वजन: तुम्ही काय करता?

वर्तकनगरची

मैत्रिणींनो (आणि गुपचूप वाचणारे मित्र असतील तर त्यांनीही लिहा),

वय ३६, नोकरी ऐरोलीला, दिवसभर खुर्चीत. थायरॉइड, शुगर नॉर्मल. गणपती झाल्यापासून वजनाचं मनावर घेतलंय. सकाळी उपवन तलावाला फेऱ्या, डब्यात भाकरी-उसळ-कोशिंबीर, रात्री आठच्या आत जेवण. भात सोडलेला नाही, तो माझ्याच्याने सुटणारही नाही, पण वाटीभरच. महिन्यातले तीन आठवडे हे सगळं सुरळीत चालतं, काटाही हळूहळू खाली येतो.

मग डेटच्या पाच-सहा दिवस आधी अंगात काय संचारतं कोण जाणे. भूक नव्हे ही. पोट भरलेलं असतं, पण तोंडाला काहीतरी हवं असतं आणि ते काहीतरी म्हणजे गाजर-काकडी नसते. संध्याकाळी ट्रान्स हार्बरने ठाण्याला उतरून पश्चिमेला बाहेर पडावं, तर वड्यांचा घाणा नेमका तेव्हाच कढईतून निघत असतो. एरवी मी त्या वासातून मान ताठ ठेवून जाते. त्या आठवड्यात पाय आपोआप वळतात. तिखट झालं की गोड. मुलीच्या पुडिंगसाठी आणलेला कंडेन्स्ड मिल्कचा डबा फ्रिजमध्ये असतोच. रात्री साडेदहाला दार उघडं ठेवून उभ्या-उभ्या चमचा थेट डब्यात. त्यावर उतारा म्हणून नवऱ्याची लसूण शेव. मग परत गोड. झोप येईपर्यंत ही जुगलबंदी. पाळीच्या आदल्या दिवशी काटा दीड किलो वर, आणि मग वाटतं, मरू दे, कशाला करायचं हे सगळं.

सल्ल्यांना तोटा नाही. सासूबाई म्हणतात, "खा गं, अंगात ताकद नको का." जिममधला ट्रेनर (बावीस वर्षांचा मुलगा) म्हणतो, "मॅडम, थोडा कंट्रोल ठेवायचा." एका डाएटिशियनला पैसे मोजले, तिच्या तक्त्यात चारही आठवडे सारखेच. पाळीचं विचारलं तर म्हणाली, मखाणे खा. खाते ना. मखाणे खाते आणि मग वडापाव खाते.

तर मनोनिग्रहावर प्रवचन नको. त्या आठवड्यात तुम्ही प्रत्यक्ष काय खाता, किती वाजता, आणि काट्याचं काय करता?

कोपरी_पूर्व

सेम टू सेम! माझं सगळं खाऱ्यावर जातं. लोणच्याचा नुसता खार चाटते, सांगायची पण लाज वाटते. उपाय नाही माझ्याकडे, खुर्ची टाकून बसलेय.

सानपाडाकर

वर्तकनगर, मी तुझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी, म्हणून अगं-तुगं करते. वाशीच्या दाणा मार्केटमध्ये एका गाळ्यावर हिशेब लिहिते, तेव्हा आधी हिशेबच मांडू.

समज, त्या पाच दिवसांत तू रोज ३०० कॅलरी जास्त खाल्ल्यास. म्हणजे ढोबळमानाने रोज एक वडापाव. पाच दिवसांचे झाले १,५००. एक किलो चरबीला साधारण ७,७०० कॅलरी धरतात. म्हणजे चरबी वाढली फार तर २०० ग्रॅम. काटा दाखवतो दीड किलो. उरलेलं काय? बहुतेक पाणी. पाळीआधी शरीर पाणी धरून ठेवतं, अंगठी घट्ट होते, ब्लाउज काचतो, तेच हे. वर तू शेव खातेस, त्या मिठाने आणखी धरतं. पाळी सुरू झाली की चार-पाच दिवसांत हे पाणी आपलं आपण उतरतं. तेव्हा दीड किलो बघून "मरू दे" म्हणणं म्हणजे २०० ग्रॅमच्या नुकसानीपायी दुकान बंद करणं. खरा घाटा त्या आठवड्यात होत नाही, तो त्यानंतर हातपाय गाळून बसल्यावर होतो.

बरं, ही खा-खा तुझ्या डोक्यातली नाही. बीज सुटल्यानंतरचे साधारण बारा-चौदा दिवस प्रोजेस्टेरॉन चढलेलं असतं, त्यात भूक वाढते, अंगही थोडं तापतं. शरीर त्या दिवसांत जरा जास्त खर्चतंही, पण फार तर एखाद्या पोळीइतकं, तेवढ्यावर डबाभर कंडेन्स्ड मिल्कची सूट मागता येत नाही. शेवटच्या दिवसांत हे हार्मोन भराभर उतरतात आणि बऱ्याच जणींची चिडचिड आणि जीभ दोन्ही तेव्हाच खवळतात.

आता मी काय करते. त्या आठवड्यात मी वजन उतरवायला जातच नाही. तीन आठवडे तुटीचे, चौथा ना नफा ना तोटा. रोजच्यापेक्षा दोन-अडीचशे कॅलरी जास्त, पण आधी ठरवून, कशात खर्चायच्या तेही ठरवून. तुझ्या डाएटिशियनचा तक्ता चारही आठवडे सारखा होता ना, माझ्या मते घोळ तिथेच आहे.

दुसरं, साडेचारचं खाणं. तू डबा एकला खात असशील आणि ठाण्याला सातला उतरत असशील. सहा तास रिकामं पोट घेऊन वड्याच्या वासासमोर उभं राहायचं, कोण टिकेल? त्या आठवड्यात मी सकाळीच एक थालीपीठ लावते. भाजणीत कांदा, कोथिंबीर, ओवा, तीळ आणि तिखट एरवीपेक्षा सढळ हाताने, कारण जिभेला झणझणीतच हवं असतं. लोखंडी तव्यावर, मधल्या भोकात तेल सोडून, झाकण ठेवून. गार झालं की सुती फडक्यात गुंडाळायचं, फॉइलमध्ये घाम येतो. सोबत छोट्या बरणीत दही. साडेचार-पाचला हे पोटात गेलं की ठाण्याच्या पुलावर तू शहाण्या माणसासारखी चालशील. मखाण्यांनी हे होत नाही, मखाणा म्हणजे नुसती हवा चावायची.

वडापाव पूर्ण बंद करू नकोस. एक दिवस ठरव आणि खा. पण तो रात्रीच्या जेवणाऐवजी, सोबत घरी ताक आणि कोशिंबीर. चालता चालता वडापाव आणि वर घरी पूर्ण ताट, हे दोन्ही नाही.

गोडाचं असं आहे की ते जेवणाला लागूनच खायचं, वाटीत घेऊन, बसून. साडेदहापर्यंत थांबलीस की डबाच पुढ्यात येतो. मला डार्क चॉकलेट कडू लागतं, कितीही गुण गा. मी नाचणीचं सत्त्व करते, दुधात, थोडा गूळ, वेलची. गरम असल्यामुळे फुंकर मारत खावं लागतं, वेळ जातो, पोटही गच्च वाटतं. शिवाय नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. (सत्त्व गाळलेलं असतं, त्यात कमी उतरणार. गाळायचा कंटाळा असेल तर पिठाची आंबील कर, उत्तमच.) आणि मुलीचं पुडिंग पाळी होऊन गेल्यावरच्या आठवड्यात करत जा. त्या डब्याचा एक मोठा चमचा म्हणजे साठ-पासष्ट कॅलरी, तू किती घेतेस तुलाच माहीत.

काटा: आधीच्या आठवड्यात तो कॉटखाली सरकव. पाळीच्या पाचव्या-सहाव्या दिवशी सकाळी वजन कर आणि मागच्या पाळीच्या त्याच दिवसाशी ताळा कर. मार्चची शिल्लक दिवाळीच्या शिलकीशी कुणी जुळवत नाही.

खारघर_हिल्स

एवढं सगळं कशाला? साखर पूर्ण बंद करा. मी केली. पहिले काही दिवस डोकं दुखतं, मग इच्छाच होत नाही. गूळ, मध, खजूर सगळं बंद. थोडंसं खाऊ म्हटलं की संपलं.

सानपाडाकर

तुम्हाला जमलं, छानच. काहींचा स्वभाव असतो तसा. पण पाळीच्या चार दिवस आधी सुरुवात करायला सांगू नका कुणाला, घरात भांडी फुटतील. आणि गूळ म्हणजे औषध असं मीही म्हणत नाहीये, कॅलरी त्याच्या साखरेएवढ्याच.

घणसोली_नाईटड्युटी

नर्स आहे, ड्युटीवरून लिहितेय, थोडक्यात सांगते.

सानपाडाताईंनी कॅल्शियमचा विषय काढला म्हणून. १९९८ साली अमेरिकेत चारशेहून जास्त बायकांवर अभ्यास झाला होता, रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम देऊन. तिसऱ्या पाळीपर्यंत चिडचिड, सूज, दुखणं आणि ही खाण्याची ओढ, सगळंच कमी झालं. पण म्हणून दुकानातून गोळ्या आणून स्वतःच सुरू करू नका. आधी दूध, दही, नाचणी, तीळ किती पोटात जातं ते बघा, मग डॉक्टरांना विचारा. किडनी स्टोन झालेला असेल तर आधी विचारायलाच हवं.

वर्तकनगर, तुमच्या यादीत हिमोग्लोबिन दिसलं नाही. करून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्त कमी निघालं होतं. १२ च्या खाली म्हणजे कमी. बर्फ चावावासा वाटणं, खडू, माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं, हे वडापावसारखं नाही. ते असेल तर लोह तपासाच. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. उसळीवर लिंबू पिळा.

आणि खाण्यापेक्षा रडू, संताप, जगणं नको वाटणं हे दर महिन्याला येत असेल, कामावर जाता येत नसेल, तर ती साधी पाळीआधीची कुरकुर नव्हे. दोन पाळ्यांचं रोजचं टिपण ठेवा आणि डॉक्टरकडे जा, त्यावर औषधं आहेत. जगणं नको वाटत असेल तर मात्र टिपणासाठी थांबू नका, लगेच जा.

नाईटला असते तेव्हा माझी स्वतःची खा-खा दुप्पट होते. झोपेवर बरंच आहे.

शेववाला_नवरा

गुपचूप वाचणाऱ्यांपैकी एक. आमच्याकडे मी एवढंच केलं: फरसाण मोठ्या पुड्यात आणणं बंद, छोटी पुडी आणतो आणि त्याच दिवशी संपवतो. "तुझी डेट जवळ आली का?" असं विचारायचं नाही, हा दुसरा नियम. तो कसा शिकलो ते विचारू नका.

वर्तकनगरची

सगळ्यांचे आभार. नवरेबुवांचा प्रतिसाद आमच्या घरच्या शेववाल्याला वाचून दाखवला, तो म्हणाला, "पुडी छोटी चालेल, पण ब्रँड बदलणार नाही." ठीक आहे.

सानपाडाताई, डबा एकलाच खाते, कसं ओळखलंत! दीड किलोचा हिशेब वाचून मात्र खरंच बरं वाटलं, हे इतक्या सरळ कुणी मांडलं नव्हतं. काटा कॉटखाली गेला. हिमोग्लोबिनसाठी शनिवारी लॅबवाल्याला घरी बोलावलंय. खारघर, तुमचं माझ्याने होणार नाही, भाताचं वर लिहिलंच आहे.

थालीपीठ आज करून नेलं होतं. चव मस्त, पण पाच वाजेपर्यंत चामडं झालं. मऊ राहायला काय करू? तेल वाढवायचं नाहीये.

सानपाडाकर

दुधी किसून घाल, न पिळता, आणि त्याच पाण्यात भिजव. जाड थाप. आच मंद, आणि कडा कुरकुरीत व्हायची वाट बघू नकोस.