बॉक्सर उसिकला सर्वकालीन हेवीवेट यादीत कितवा धरायचा?

डावा_हुक:
जुलै 2025 मध्ये वेम्बलीत डुबॉइसला पाचव्या राउंडला झोपवल्यापासून जो तो उसिकला 'टॉप 5' म्हणत सुटलाय. तोवरचं रेकॉर्ड 24-0 (24 विजय, एकही पराभव नाही), मान्य. पण त्यात हेवीवेटच्या लढती 8, आणि प्रतिस्पर्धी पाचच: विदरस्पून, चिसोरा, जोशुआ, फ्युरी, डुबॉइस. जो लुईसचे 25 टायटल डिफेन्स, होम्सचे 20. एवढ्याशा हिशेबावर पाचात कसा बसवायचा?

रिंगसाइड:
दोन याद्यांची गल्लत होतेय. पाउंड-फॉर-पाउंड यादी (सगळ्या वजनगटांची एकत्र) असेल तर क्रूझरवेट, म्हणजे हेवीवेटच्या खालचा गट, धरावंच लागतं. 2018 या एका वर्षात ब्रिएडिसला रिगात, गासिएवला मॉस्कोत, बेल्यूला मँचेस्टरमध्ये हरवलं, म्हणजे तिन्ही वेळा समोरच्याच्याच देशात. यादी निव्वळ हेवीवेटची असेल तर यातलं काहीच मोजायचं नाही.

कोपऱ्यातला_स्टूल:
आकड्यांइतकंच तो जिंकतो कसा तेही बघा. डावखुरा असल्यामुळे त्याचा पुढचा पाय उजवा. तो समोरच्याच्या डाव्या पायाच्या बाहेर टाकला की डावा सरळ ठोसा थेट मधून जातो, आणि समोरच्याचा उजवा त्याच्यापर्यंत तिरकाच येतो. त्याआधी दोन-तीन हलके जॅब (पुढच्या हाताचे झटपट सरळ ठोसे). ते लागावेत म्हणून नसतातच, समोरच्याचे ग्लोव्हज वर अडकवून ठेवायला असतात. भारी माणसाला असं दर सेकंदाला वळायला लावलं की आठव्या राउंडपासून त्याचे पाय जड होतात.

यावर उतारा म्हणजे पोट. 2021 मध्ये जोशुआ लांबून जॅबच खेळत बसला आणि तिन्ही जजच्या मते हरला. 2022 ला जेद्दात तो पोटावर गेला, तर निकाल स्प्लिट, म्हणजे जज विभागले. फ्युरीनेही पहिल्या लढतीत मधले राउंड पोटावरचे ठोसे आणि उजव्या अपरकटवर (खालून वर येणारा ठोसा) काढले, कारण बुटका माणूस आत शिरताना पुढे वाकतोच. सहाव्याला उसिक चांगलाच हलला होता.

डावा_हुक:
तेच तर! ती लढत निसटतीच होती.

रिंगसाइड:
निसटती होतीच, स्कोअरकार्ड मांडून बघा. 115-112 आणि 114-113 उसिककडे, 114-113 फ्युरीकडे. नवव्या राउंडला फ्युरी दोरांवर लटकला म्हणून रेफरीने काउंट दिला, आणि काउंट पडला की एक गुण जास्तीचा जातो. तो नसता तर राउंड 10-8 ऐवजी 10-9, मधलं कार्ड 114-114, आणि लढत बरोबरीत! पण डिसेंबर 2024 ला तिन्ही जजनी 116-112 दिले, तेही वजनकाट्यावर 226 विरुद्ध 281 पौंड असताना. 2023 ला व्रोत्स्वाफमध्ये डुबॉइसचा ठोसा 'लो ब्लो' (कमरेखालचा, नियमबाह्य) होता का, हा वादही वेम्बलीत मिटला.

जुना_बेल्ट:
तुलना होलिफिल्डशी करा. तोही क्रूझरला निर्विवाद विजेता, मग 1990 ला तेव्हाच्या विजेत्या डग्लसला तिसऱ्या राउंडला पाडून हेवीवेटला. टायसन दोनदा, बो एकदा: नावं उसिकच्या यादीपेक्षा वजनदार. पण पराभव 10, आणि त्या काळी क्रूझरची मर्यादा 190 पौंड होती, आता 200 आहे. माझ्या हिशेबात हेवीवेटमध्ये उसिक आठ ते दहाच्या दरम्यान, होलिफिल्डच्या एक पायरी खाली. अली, लुईस, होम्स, फोरमन यांच्या वर तर नाहीच. मार्सियानोच्या वर मात्र बिनधास्त ठेवतो. 49-0 दिसायला देखणं असलं तरी वॉलकॉट, चार्ल्स, मूर हे तिघेही त्याच्या वाट्याला आले तेव्हा उताराला लागले होते.

डावा_हुक:
चार्ल्सबद्दल नाही पटत. 1954 ला मार्सियानोशी पहिल्या लढतीत तो 32 वर्षांचा होता, पूर्ण 15 राउंड टिकला.