मदत हवी आहे: पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये जेसनच्या कीजचा क्रम टिकवायचा आहे

नमस्कार मंडळी, क्वेरीतून जेसन (की म्हणजे नाव आणि त्याची व्हॅल्यू अशा जोड्यांचा मजकूर) बनवतोय. क्रम नेम, अ‍ॅड्रेस, आयडी असाच हवा, कारण पलीकडची सिस्टीम आलेल्या मजकुराचाच हॅश (मजकुरावरून काढलेली खूण) तपासते. एक की इकडची तिकडे झाली की रेकॉर्ड परत येतो. जेसनबी_बिल्ड_ऑब्जेक्टमधून आयडी, नेम, अ‍ॅड्रेस असं बाहेर पडतं, कारण जेसनबी (पोस्टग्रेसमधला जेसनचा बायनरी प्रकार) आखूड की आधी ठेवतो. जेसन_बिल्ड_ऑब्जेक्टने क्रम नीट राहतो.

खरं अडलंय पुढे. नंतर एकच व्हॅल्यू बदलायची तर जेसनबी_सेट लागतं, आणि त्यासाठी जेसनबीत कास्ट केलं (प्रकार बदलला) की सगळी घडी विस्कटते. जेसन_ईचने जोड्या सुट्या करून, विथ ऑर्डिनॅलिटीने क्रमांक धरून, जेसन_ऑब्जेक्ट_अ‍ॅगमध्ये ऑर्डर बाय देऊन पुन्हा जोडायचं मनात आहे. लाखो ओळींवर हे कोणी केलंय का? याहून सरळ वाट असेल तर कृपया सांगा.