मदत हवी आहे: इंजिन जाम झालेल्या २०१० च्या वॅगन-आरची किंमत कशी ठरवायची?

मंडळी, गाडी बाबांची आहे, डोकेदुखी माझी.

वॅगन-आर, पेट्रोल, के-सीरीज इंजिन, सातारा पासिंग, नोंदणी नोव्हेंबर २०१० ची. पहिलाच मालक, मीटरवर ९४ हजार किलोमीटर. मागच्या महिन्यात बाबा पुण्याहून येताना खंबाटकी चढत होते. टेंपरेचरचा दिवा लागला. 'वर पोचलो की थांबू' म्हणत त्यांनी तशीच ओढली. वर पोचायच्या आधीच तिने दोन आचके दिले आणि बसली. रेडिएटरचा खालचा पाइप फुटला होता, आत पाण्याचा टिपूस नव्हता. साताऱ्याला टो करून आणायचे २,८०० गेले ते वेगळेच.

आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं, 'इंजिन गेलं' म्हणाला आणि लगेच 'मीच घेतो, १८ हजार' असंही म्हणाला. भंगारवाला किलोने मागतोय, २४ रुपये. गाडी साधारण साडेआठशे किलोची, म्हणजे तोही विसाच्या आसपास. बाबांच्या डोक्यात ८० हजार, कारण दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्यांनी चालू गाडी सव्वा लाखाला मागितली होती. टायर मागच्या दिवाळीत चारही नवे टाकलेत, बॅटरी वर्षाची आहे, एसी बर्फासारखा चालायचा.

यातला खरा आकडा कुठला?

हाफक्लच:
'इंजिन गेलं' हे कुणी सांगितलं? जो विकत घ्यायला बसलाय त्यानेच ना? मग आधी ते तपासा.

स्पार्क प्लग काढा, तीनच आहेत. प्रत्येक भोकात दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी गाडी न्यूट्रलला टाकून क्रँक पुलीच्या (इंजिनाच्या बाजूच्या, पट्टा फिरवणाऱ्या चाकाच्या) बोल्टला पाना लावा आणि घड्याळाच्या दिशेने फिरवा. प्लग काढलेले असले की चांगलं इंजिन हाताने फिरतं. दोन पूर्ण वेढे झाले तर नुसतं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचं (हेडखालचं) सील, गेलं असायची शक्यता आहे. हेड ॲल्युमिनियमचं असतं, तापलं की वाकतं. ते घासून सपाट (फेसिंग) करून, गॅस्केट टाकून १५-२० हजारांत गाडी उभी राहते आणि मग बाबांचा आकडा अगदीच वेडा नाही. पुली हललीच नाही तर मात्र पिस्टन धरलेत.

डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, तीही बघा. ऑइल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय.

धागाकर्ता:
केलं. आधी नुसत्या पान्याने, मग पान्याला दोन फुटी पाइप अडकवून अक्षरशः लोंबकळलो. ढिम्म. डिपस्टिकवर पाणी नाही, पण ऑइल डांबरासारखं काळं आणि करपल्याचा वास. बाबा खुर्ची टाकून बघत होते. 'जोर लाव' म्हणाले, आणि मग काहीच बोलले नाहीत.

टोचन:
भंगारात द्या आणि मोकळे व्हा. किती विचार करायचा वीस हजारासाठी!

पासिंगवाला:
@टोचन, घाई नको. भंगाराचा भाव ही तळाची किंमत, त्याच्या खाली जायचं नाही एवढाच तिचा उपयोग.

खरी किंमत वरून खाली मोजत यायची. अशी गाडी चालू असती तर आज साताऱ्यात किती? एक लाख दहा धरू. जाम इंजिन उघडून बोअर-पिस्टन, क्रँक करत बसण्यापेक्षा जुनं चालू इंजिन टाकणं स्वस्त. तुमच्या गाडीचं के-१० इंजिन आल्टो के-१०, एस्टिलो, ए-स्टारमध्येही होतं, त्यामुळे माल मिळतो. इंजिन २८-३०, मजुरी, माउंटिंग, नवा रेडिएटर, किरकोळ धरून ४५ हजार. राहिले ६५. आता घेणारा इंजिनाची जोखीम घेणार, महिनाभर गाडी दारात ठेवणार, वर नफा बघणार. त्याचे २०-२५ सोडा. म्हणजे ४०.

पण तुम्ही एक गोष्ट ओझरती लिहिलीत आणि सगळा खेळ तिथेच आहे. नोंदणी नोव्हेंबर २०१०. म्हणजे या नोव्हेंबरात (२०२५) पंधरा वर्षं पुरी. दिल्लीसारखी बंदी आपल्याकडे नाही, पुढे पाच वर्षं नूतनीकरण होतं. फी ५,००० रुपये, वर पर्यावरण कर, आणि गाडी तपासणीला आरटीओत न्यावी लागते. बंद इंजिनाची गाडी पास कशी होणार? मुदत टळली की महिन्याला ५०० रुपये दंड. हे सगळं घेणाऱ्याच्या डोक्यात आहे, म्हणून तो १८ म्हणतोय. वरच्या ४० मधून नूतनीकरणाचे आठ-दहा वजा करा. ३० ते ३२ हा तुमचा आकडा, आणि तोही आत्ताचा. डिसेंबरात तो मिळणार नाही.

शिवाय इंजिन बदललं की नवा इंजिन नंबर आरसीवर चढवावा लागतो. इंजिनाचं बिल नसेल तर तिथे अडकतं. तेही घेणारा मोजतो.

मिरजकर_मामी:
टायर आणि बॅटरी काढून वेगळी विकायचा मोह होईल, करू नका. आमच्या ह्यांनी झेनची बॅटरी, टेप आणि सीट कव्हरं काढून विकली, चार हजार आले. मग तशा ओरबाडलेल्या गाडीला भंगारवाल्याशिवाय कुणी विचारलं नाही.

हाफक्लच:
आणि कुणालाही द्या, नाव बदलून घेतल्याशिवाय देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, ताबा दिल्याची तारीख-वेळ लिहिलेली पावती. भंगारातच द्यायची वेळ आली तर सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात द्या. पैसे थोडे कमी येतील, पण ठेव प्रमाणपत्र मिळतं, नव्या गाडीच्या करात त्यावर सूट आहे, आणि नोंदणी रद्द होते. गल्लीतल्या भंगारवाल्याकडे चासी नंबर तसाच राहिला आणि उद्या दुसऱ्याच गाडीवर लागला, तर पोलीस बाबांकडे येतील.

धागाकर्ता:
उशीर झाला कळवायला, माफी.

पासिंगवाल्यांचा हिशोब कागदावर मांडून बाबांना दाखवला. शाळेत गणित शिकवलंय त्यांनी, मजुरीचा आकडा तेवढा तपासला आणि गप्प झाले. मेकॅनिककडे गेलो. ३८ पासून सुरुवात केली, तो २२ वर आला. मी कोरेगावच्या दुसऱ्या एकाला बोलावलं. त्याने पुली स्वतः फिरवून बघितली, टायर बघितले, आणि बाबांची वही मागितली. २०१० पासूनचा प्रत्येक लिटर पेट्रोल आणि किलोमीटर त्यात लिहिलाय. मीटर खरं आहे याची त्याला खात्री पटली. ३१ हजारात सौदा झाला. फॉर्म भरले, अर्ज ऑनलाइन टाकलाय, नाव बदलल्याचा मेसेज आला की गाडी जाईल. पाच हजार आगाऊ घेतलेत.

वही मात्र त्याला दिली नाही.

आता शेवटचा प्रश्न. फास्टॅगमध्ये ३४० रुपये आहेत. ते परत मिळतात का, की सोडून द्यायचे?

पासिंगवाला:
मिळतात. ज्या बँकेचा टॅग आहे तिथे बंद करायची विनंती टाका, शिल्लक आणि अनामत दोन्ही परत येते. आणि काचेवरचा टॅग आजच खरवडून काढा, नाहीतर गाडी घेणारा आणेवाडीचा टोल तुमच्या पैशातून भरेल.