मदत हवी आहे: घारापुरीचं कोणी आहे का ग्रुपवर?

नमस्कार मंडळी, मी ऐरोलीची, एमए भूगोलचं प्रोजेक्ट करतेय, छोट्या बेटांवरचे लोक जमीन, पाणी, झाडं कशी पुरवून वापरतात यावर. बाहेरचं मटेरियल भरपूर मिळालं आणि भारी आहे, म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या तुवालू बेटांवर लोक प्रवाळाच्या जमिनीत खड्डा खणतात, पार खालच्या गोड्या पाण्याच्या थरापर्यंत, त्यात पालापाचोळा टाकून पुलाका लावतात, आपल्या अळूचा थोरला भाऊच म्हणा, पण आता त्या खड्ड्यांत खारं पाणी शिरतंय. तिकोपियाची तर कमालच, पॅसिफिकमधलंच जेमतेम 5 चौरस किमीचं बेट, डुकरं बागा उकरतात म्हणून 1600 च्या सुमारास सगळी मारूनच टाकली!

पण मॅडम म्हणतात समोरचं बेट घे, म्हणून घारापुरी. लेणी सोडून बोला प्लीज, त्यावर ढीगभर लिहिलंय. शेतबंदर, राजबंदर, मोरबंदरचं कोणी किंवा तिथे नातेवाईक असलेलं कोणी आहे का? एप्रिल-मेमध्ये पाणी कसं पुरवता, विहिरीवर कोणाचा नंबर कधी हे कोण ठरवतं, कांदळवनातून सरपण तोडायला गावाची काही बंधनं होती का, आणि 2018 ला समुद्राखालच्या केबलने वीज आल्यावर त्यात काय फरक पडला?

दिवाळे, बेलापूरकडच्या कोळी मंडळींनी सांगितलं तरी चालेल, नारळी पौर्णिमेआधी कोणी होडी काढली तर पूर्वी गाव काय करायचं, दंड वगैरे? हे कुठेच नीट लिहिलेलं सापडत नाहीये. इनबॉक्स करा, रविवारी मोरा जेट्टीला येऊन भेटेन.