मदत हवी आहे: आई-बाबांसोबत गोकायामा आणि इनामी, जपान

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरअखेरीस आई-बाबांना घेऊन जपानला जायचं ठरतंय. आमचा गणपती पाच दिवसांचा, त्यामुळे विसर्जन झालं की घर सोडता येईल. भाऊ तोक्योत असतो, तिथला मुक्काम तो बघेल. त्याला जोडून पाच-सहा दिवस फक्त तोयामा प्रांताच्या डोंगराळ भागात, म्हणजे जोहाना, इनामी आणि गोकायामा या पट्ट्यात घालवायचे आहेत. क्योतो, ओसाका, फुजी या खेपेला नाही. हा भाग पाहिलेल्यांचा किंवा जपानात राहणाऱ्यांचा सल्ला हवा आहे.

हाच भाग का, ते सांगते. बाबा सुतार आहेत. कणकवलीच्या आसपासच्या कितीतरी घरांची माडी, दारं, देव्हारे त्यांच्या हातचे आहेत. आता वय झालंय, पण लाकूड दिसलं की हात लावल्याशिवाय पुढे जात नाहीत. भावाने गोकायामातल्या एका घराच्या माळ्याचा फोटो पाठवला होता. बाबांनी तो मोठा करून एका तुळईच्या टोकाशी आणला आणि म्हणाले, "ह्यां लाकूड तासून वाकवलेलां नाय, तसांच वाढलेलां आसा." मग मी शोधलं. खरंच तसं आहे. तिथे उतारावरच्या झाडांवर बर्फाचं ओझं पडून त्यांचा बुंधा मुळाशी वाकतो, आणि तो बाक तसाच ठेवून ती तुळई घरात बसवतात. तेव्हापासून बाबांना तिथे नेऊन ती तुळई दाखवायचीच, हे मनात पक्कं झालंय.

गोकायामातली आइनोकुरा आणि सुगानुमा ही दोन गावं, शेजारच्या शिराकावागोसोबत, १९९५ साली जागतिक वारसा यादीत आली. आइनोकुरात उंच, गवताने शाकारलेल्या छपराची अशी वीसेक घरं आहेत, सुगानुमात नऊ. छपराचा उतार साठ अंशांच्या आसपास. छपराच्या सांगाड्यात खिळा नाही: गवताचे दोर आणि ओल्या फांद्या पिळून केलेले बंध, जे सुकताना आवळत जातात. माळ्यावर रेशमाचे किडे पाळायचे. आणि खाली, जमिनीत खड्डे करून माती, किड्यांची विष्ठा आणि रानातला पाला कुजवत ठेवायचे, त्यातून बंदुकीच्या दारूला लागणारा सोरा निघायचा. तो कागा प्रांताच्या सरदारांकडे जायचा. इतक्या अडचणीच्या दरीत एवढी मोठी घरं कशी उभी राहिली, याचं बरंचसं उत्तर मला यात दिसतं.

इनामी तर बाबांसाठीच आहे. १३९० साली स्थापन झालेलं झुइसेनजी मंदिर आगीत जळाल्यावर अठराव्या शतकात ते पुन्हा बांधताना क्योतोहून कोरीव काम करणारा कारागीर आला, स्थानिक सुतार त्याच्याकडे शिकले, आणि ती विद्या गावातच राहिली. आजही मंदिरासमोरच्या रस्त्यावर कारखाने उघडे असतात म्हणे. एकेका कारागिराकडे दोनशेहून जास्त पटाश्या असतात. इथे पहिली शंका: अशा कारखान्यात नुसतं बसून काम बघू देतात का? आधी विचारावं लागतं का? बाबांना जपानी येत नाही, इंग्रजीही बेताचंच, पण हत्यार हातात दिलं तर त्यांना भाषेची गरज पडणार नाही. तिथली करवत ओढताना कापते हे त्यांना कळल्यापासून ती एकदा चालवून बघायची आहे.

आता खरी अडचण. आई माळकरी आहे. मासे, मांस, अंडं काही नाही. बाबा मासे आनंदाने खातील, चुलीवर काडीला लावून भाजलेला नदीतला मासा तर नक्कीच. पण आईचं काय? भाज्या, तोफू, रानभाज्या तिथे भरपूर, पण सुक्या माशाचा अर्क जवळजवळ प्रत्येक रश्श्यात असतो, अगदी मिसो सूपमध्येही. वाचलं ते असं की गोकायामात शरदानंतर शिनरान या संताच्या स्मरणार्थ होओन्को नावाचा उत्सव होतो आणि त्याचं जेवण पूर्ण शाकाहारी असतं. म्हणजे ही रीत त्या गावांना परकी नाही. सप्टेंबरात एखाद्या घरगुती मुक्कामात आधी कळवलं तर तसं करून देतात का? शिजवून समोर ठेवल्यावर नाही म्हणणं आईला जमणार नाही, आणि ते बरोबरही नाही.

जेवण सोडलं तर आईला तिथे आवडेल याची मला खात्री आहे. तो सगळा भाग अमिदा बुद्धाचं नाम घेणाऱ्यांचा. निशिआकाओ गावात दोशू नावाचा एक भक्त होऊन गेला, तो म्हणे अठ्ठेचाळीस फोडलेल्या लाकडांवर झोपायचा. हे ऐकून आईने लगेच विचारलं, त्याचं देऊळ आहे का? आहे, आणि त्याला लागूनच इवासे घराण्याचं मोठं घर. दोघांचं एकाच ठिकाणी काम होईल.

तारखांचा घोळ आहे. २५ आणि २६ सप्टेंबरला कामिनाशी गावात कोकिरिको नाच असतो, १०८ लाकडी पट्ट्या ओवलेलं वाद्य हातात घेऊन. तो बघायचाच आहे. पण पाऊस आणि वादळांचे दिवस आहेत. त्या दोन दिवसांत मुक्काम मिळतो का, की महिनोन् महिने आधी भरतो?

प्रवास असा विचार केलाय: तोक्योहून हाकुताका या शिनकानसेनने (बुलेट ट्रेनने) शिन-ताकाओका, साधारण तीन तास. तिथून जोहानाची छोटी रेल्वे, मग डोंगरातली बस. बस दिवसातून मोजक्याच आहेत. आईचे गुडघे दुखतात, सामान आधी जवळच्या कानाझावा शहरात पाठवून देऊ. की सरळ गाडी भाड्याने घ्यावी? आपल्या आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना तिथे चालतो आणि रस्त्याची बाजूही आपलीच. पण डोंगरातले लांब बोगदे, त्यात पाऊस. कुणी चालवली असेल तर सांगा.

आइनोकुरात रात्री राहायचं की नाही, यावरही अडलंय. जमिनीवरची गादी आणि उभा जिना आईला झेपेल का? नाहीतर जोहानात खाटेवर झोपून दिवसा वर जाऊ. मला स्वतःला एक रात्र तरी गावातच काढावीशी वाटते, कारण शेवटची बस गेल्यावर आणि पहिली यायच्या आधीच गाव गावासारखं असणार.

शेवटची विनंती जपानी येणाऱ्यांना. आईसाठी एक चिठ्ठी लिहून हवी आहे: मासे, मांस, अंडं आणि सुक्या माशाचा अर्क चालत नाही, कोंबू (समुद्री शेवाळ) आणि शिताके (अळंबी) चालतात, फक्त भात, लोणचं आणि भाजी दिली तरी पुरे. भाषा नम्र हवी, वयस्कर यजमानांना वाचता येईल अशी. इथेच लिहिलीत तर इतरांनाही उपयोगी पडेल.