मदत हवी आहे: जिल्ह्याचा मानव विकास निर्देशांक काढताना आयुर्मानाला पर्याय काय?

एम.ए.च्या प्रकल्पासाठी नंदुरबार आणि पुणे या दोन जिल्ह्यांचा मानव विकास निर्देशांक स्वतः काढून बघतेय. पद्धत यूएनडीपीची (संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम), 2010 नंतरची: आरोग्य, शिक्षण, उत्पन्न या तिन्हींच्या निर्देशांकांचा भूमितीय मध्य (गुणाकाराचं घनमूळ).

शिक्षणाचं जमलं. 2011 च्या जनगणनेतल्या वय आणि शिक्षणाच्या तक्त्यावरून 25 वर्षांवरील लोकांची सरासरी शालेय वर्षं काढली (जुनी आकडेवारी आहे, माहीत आहे). उत्पन्नाला अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं जिल्हानिहाय दरडोई उत्पन्न घेतलं, क्रयशक्तीनुसार डॉलरमध्ये बदललं आणि 100 ते 75,000 या मर्यादांत लॉग लावला. लॉग का, ते करून बघितल्यावरच कळलं: 7,500 डॉलरला उत्पन्नाचा निर्देशांक लॉगने 0.65 येतो, न लावता जेमतेम 0.10!

घोडं अडलंय आरोग्यापाशी. जन्मावेळचं आयुर्मान नमुना नोंदणी पद्धतीत राज्यापुरतंच मिळतं. राज्याचाच आकडा दोन्ही जिल्ह्यांना लावला तर नंदुरबार आणि पुण्यातला फरकच पुसला जातो, मग मोजायचं कशाला? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 ची जिल्हा पत्रकं चाळली, त्यात बालमृत्यूदर नाही. गाइड म्हणतात पर्यायी निर्देशक चालेल, पण कारण लिहून द्या. स्वतः सर्वेक्षण करायला वेळ नाही, आणि डेटा फुकट मिळणारा हवा.

तर, आयुर्मानाऐवजी जिल्हा पातळीवर कोणता निर्देशक घ्यावा, आणि आयुर्मानाला यूएनडीपी लावते त्या 20 ते 85 वर्षांच्या मर्यादांच्या जागी त्याची किमान-कमाल मर्यादा कशी ठरवावी?